मामांचा हातगुण

मामांना लॅबमध्ये लहानथोर सगळे मामाच म्हणत, त्यामुळे पहिल्यांदा येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना चहा आणायला सांगे. मामा मुकाट्यानं चहा आणत. गिऱ्हाइकानं पहिला घोट घेतला की समोरची खुर्ची ओढून बसत, खिशातलं पेन काढत आणि विचारत, "हं, यंत्र कुठाय?" त्या क्षणी समोरच्याचा जो चेहरा होई, तो बघण्यासाठी मामा जन्मभर चहा वाहायला तयार होते. एके काळी नाटक कंपनीत असलेल्या माणसाला एवढी एन्ट्री तरी मिळायला हवी की नको?

कंपनीत मामा नट नव्हते. "मी रंगभूमीची सेवा पडद्यामागून केली," ते सांगत, "रंगभूमीचीच तशी इच्छा होती." त्यांना एकदाच संवाद मिळाला होता, आठ शब्दांचा. त्यातले सहा त्यांनी म्हटले. उरलेले दोन प्रेक्षकांनी म्हटले, कारण नाटकाचा शंभरावा प्रयोग होता आणि मामा सोडून सगळ्यांना ते पाठ होते. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी त्यांना वायरींच्या पेटीपाशी नेऊन बसवलं आणि म्हणाल्या, "इथं बोलावं लागत नाही."

त्या पेटीचा राजा होता एक म्हातारा. आभाळ गडगडवायचं, घोडे दौडवायचे, तान्हं मूल रडवायचं, हे सगळं तो विंगेत बसून करी. मामांना त्यानं पहिले सहा महिने काहीही गडगडवू दिलं नाही. फक्त वायरी गुंडाळायला शिकवलं. कोपराभोवती गुंडाळायची नाही, मुठीत कोंबायची नाही. मनगट हलकं ठेवून वेटोळं घालायचं, ताटाएवढं, एकावर एक, सगळी एका मापाची, आणि मधे सुती दोरीची गाठ. वेटोळं लहानमोठं झालं की म्हातारा अख्खी गुंडाळी पुन्हा जमिनीवर पसरून टाके. "वायर गुंडाळताना दिसतं रे," तो म्हणे, "माणूस कुठल्या घरचा आहे ते."

मामांना अभिनय आला नाही, गाणं आलं नाही, पण वायर आली. अशी आली की दौऱ्यावर दुसऱ्या कंपन्यांची माणसं येऊन त्यांच्या गुंडाळ्या बघून जात. कपडेपट सांभाळणारी एक फटकळ मुलगीही बघून गेली. "वायरीला एवढ्या मायेनं हाताळतो, म्हणजे बायकोला निदान पाडणार तरी नाही," असा हिशेब करून तिनं त्यांच्याशी लग्न केलं. तीच मामी.

पुढे कंपनी बंद पडली. गावाबाहेर एक लॅब उभी राहत होती, तिथं शिडीवर चढून वायरी ओढणारा माणूस हवा होता. मामा चढले.

लॅबचं काम थोडक्यात सांगायचं तर चहाडी करण्याचं. विजेवर चालणारं कुठलंही यंत्र चालू झालं की आपल्या कानांना कळणार नाही असा एक गोंगाट हवेत सोडतं. माणसांना तो ऐकू येत नाही, शेजारच्या यंत्राला येतो आणि ते बावचळतं. रेडिओ खरखरतो, पडद्यावरचे आकडे थरथरतात, दार आपोआप उघडतं. म्हणून कायद्यानं एक रेघ आखून दिली आहे. गोंगाट रेघेखाली राहिला तर यंत्र बाजारात, रेघेवर गेला तर मालकाच्या घरी परत.

"माणसांना ही रेघ लावली असती," मामी म्हणत, "तर तुम्ही लग्नाआधीच परत गेला असता."

ही रेघ बघण्यासाठी लॅबमध्ये एक खास खोली होती. दार लोखंडी, तिजोरीसारखं. आत भिंतींवर आणि छताला हातभर लांबीचे काळे, स्पंजासारखे सुळके. बाहेरची एकही लहर आत येत नाही, आतली भिंतीवर आपटून परत फिरत नाही. मामा तिला मुकी खोली म्हणत. पहिल्या दिवशी आत कोणी नाही असं बघून त्यांनी छाती भरून आपला तो आठ शब्दांचा संवाद म्हटला, या वेळी पुरता. खोलीनं तो गिळून टाकला. ना पडसाद, ना प्रतिसाद. मामांना वाटलं, आजवरच्या प्रेक्षकांपेक्षा बरे, निदान उठून तरी गेले नाहीत.

शिडीवरून उतरता उतरता मामा शिकत गेले. यंत्र टेबलावर मांडायचं, टेबलाखालची गोल जमीन सावकाश फिरवायची, समोर तीन मीटरवर खांबाला लावलेला अँटेना वरखाली करायचा, आणि बाहेर येऊन पडद्यावर बघायचं की हिरवी वळवळ तांबड्या रेघेला शिवते का. आठ वर्षांनी तोंडी परीक्षा घेऊन लॅबच्या साहेबांनी त्यांना रिपोर्टवर सहीचा हक्क दिला. प्रवेशदारापाशी काचेच्या चौकटीत दोन नावं लागली. पहिलं बाईंचं, मागे पदव्यांची शेपटी लावलेलं. बाई म्हणजे गुणवत्ता बघणाऱ्या इंजिनिअर, मामांहून वीस वर्षांनी लहान आणि वीस पटीनं गंभीर. दुसरं नाव मामांचं, बिनशेपटीचं. चौकट भिंतीला लावताना स्क्रू मामांनीच पिळले, आणि थोडे जास्तच पिळले.

त्यानंतर काटेवाला आला.

काटेवाला म्हणजे तान्ह्या मुलांचं वजन करणारे इलेक्ट्रॉनिक काटे बनवणारा एक लहानसा कारखानदार. दवाखान्यांना लागणारे काटे. बिचारा दोन लॅबमधून नापास होऊन आला होता, चेहरा परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेल्या मुलासारखा. मामांनी काटा मांडला, जास्तीची वायर गुंडाळून टेबलामागे सोडली आणि चाचणी लावली. पास! काटेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा," तो म्हणाला, "तुमच्या हाताला गुण आहे हो!"

हातगुण हा शब्द डॉक्टरांसाठी असतो. मामांनी तो नाकारायला हवा होता. त्यांनी तो कपाळाला लावला. काटेवाल्यानं चार लोकांत सांगितलं, चौघांनी चाळिसांत, आणि लोक नेमके मामांचा वार विचारून यंत्रं घेऊन येऊ लागले. मामाही मग दार लावण्यापूर्वी यंत्रावर तळवा ठेवून क्षणभर डोळे मिटू लागले. एका गिऱ्हाइकानं तर तेवढ्यापुरत्या चपलाही काढल्या. मामांनी त्याला थांबवलं नाही.

"मामा, हे काय चाललंय?" बाई विचारत.

"ध्यान."

"कशाचं?"

"यंत्राचं. तुमच्या पुस्तकात नाही ते."

बाई निघून जात. मामांना वाटे, जळतात.

अशी अकरा वर्षं गेली. त्या वर्षी लॅबमध्ये फिरती पेटी आली, आणि ती मांडायचं काम पहिल्यांदाच मामांच्या वाट्याला आलं.

फिरती पेटी हा या धंद्यातला रिवाज आहे. एकच पेटी, ठरलेला गोंगाट करणारी, एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये फिरते. सगळ्यांनी तिची चाचणी करून आकडे पाठवायचे. आकडे जुळले तर लॅबचे कान ठीक, नाहीतर काहीतरी बिघडलंय. त्या वर्षी सहा लॅब होत्या. पाचांचे आकडे भावंडांसारखे मिळतेजुळते निघाले. सहाव्या लॅबचे, म्हणजे मामांचे, सात डेसिबलनं कमी. आणि लॅबला मान्यता देणाऱ्या संस्थेचे तपासनीस पुढच्या गुरुवारी यायचे होते.

बाईंनी पेटी परत मागवली, स्वतः मांडली, मोजली. आकडे बरोबर आले. मग मामांनी मांडली. सात कमी. पुन्हा बाई: बरोबर. पुन्हा मामा: सात कमी.

"खोली तीच," बाई बोटं मोडत म्हणाल्या. "अँटेना तोच, पेटी तीच. बदलतोय फक्त माणूस. मामा, तुमच्या अंगावर काय काय आहे?"

मामांनी घड्याळ काढलं. सात कमी. किल्ल्यांचा जुडगा काढला, सुटे पैसे काढले, चष्मा काढून चाचपडत आत गेले. सात कमी. शेवटी चपला काढल्या, पट्टा काढला आणि एका हातानं पँट धरून, दुसऱ्या हातानं पेटी मांडून बाहेर आले. तरी सात कमी. एवढ्यात साहेब एका परक्या पाहुण्याला लॅब दाखवत दाराशी आले. पाहुण्यानं बघितलं: तिजोरीचं दार, दारात अनवाणी म्हातारा, मुठीत पँट.

"आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ," साहेब म्हणाले.

मामांनी नमस्काराला दोन्ही हात वर घेतले नाहीत, एवढीच त्या प्रसंगातली त्यांची समयसूचकता.

दुपारी बाईंनी दोन फोटो टेबलावर ठेवले. प्रत्येक चाचणीआधी मांडणीचा फोटो काढायचा नियमच होता. "एक तुमचा, एक माझा. फरक शोधा."

मामांना आता चीड आली होती, आणि चीड आली की त्यांना व्याख्यान येई. "फरक? अहो बाई, आंधळ्याला दिसेल! ही बघा माझी वायर. पाच वेटोळी, ताटाएवढी, एका मापाची, मधे सुती गाठ. आणि ही तुमची. हे काय आहे? पुढे-मागे, पुढे-मागे दुमडून मधेच आवळलंय, मेथीच्या जुडीसारखं! वायरीला असं वागवतात? आमच्या म्हाताऱ्यानं बघितलं असतं तर तुम्हाला पेटीला हात लावू दिला नसता. वायरीला पीळ आवडत नाही, दुमड आवडत नाही. तिला मायेनं गोल गुंडाळलं की ती शांत बसते, बाई! मग ती कुरकुर करत नाही, गोंगाट…"

आणि तो शब्द तिथंच लटकला. मामांना आठ शब्दांतले सहा म्हणून थांबल्याचा अनुभव होता. पण तेव्हा पुढचं आठवत नव्हतं. आज पुढचं सगळं एकदम आठवलं होतं.

"शांत बसते," बाई हळूच म्हणाल्या. त्याही आता फोटोकडे बघत होत्या. "पुन्हा म्हणा, मामा."

मामा खाली बसले.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं की वायरीची गोल वेटोळी म्हणजे कॉइल, आणि कॉइल गोंगाटाला अडवून धरते. वायर ही यंत्राची जीभ. पुष्कळसा गोंगाट तिच्यावाटेच बाहेर पडतो. मामा अकरा वर्षं प्रत्येक यंत्राच्या जिभेला मायेनं गाठ मारत होते आणि मग त्याला विचारत होते, बाळ, तू ओरडतोस का रे? बाळ बिचारं काय ओरडणार!

हाच तो हातगुण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार?

बाईंनी कपाटातून कामाच्या सूचनांची फाइल काढली. चौथ्या पानावर चित्रासकट छापलं होतं: जास्तीची वायर गोल गुंडाळू नये, पुढे-मागे दुमडून जुडी बांधावी. पानाच्या तळाशी 'वाचले व समजले' असं लिहून मामांच्या सह्या. दर वर्षाची एक, अकरा सह्या. अक्षर मोठं वळणदार.

"एकदाही नाही वाचलं?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच मामांना जास्त लागलं.

"वर लिहिलंय ना, 'वायरींची मांडणी'," मामा म्हणाले. "मला वाटलं, हे मला काय वायर शिकवणार."

साहेब माणूस चांगले होते. त्यांनी मामांना आत बोलावलं, दार लोटलं आणि कारणमीमांसेचा कोरा फॉर्म पुढे सरकवला. "इथं 'कारण' या रकान्यात लिहा, कनेक्टर सैल होता. परवा एक सैल सापडलाच होता की, म्हणजे अगदीच खोटंही नाही. पेटीची चाचणी पुन्हा नीट झालीय. तपासनीस दोन प्रश्न विचारतील, चहा पितील, जातील."

"आणि माझे जुने रिपोर्ट?"

"झाकली मूठ, मामा." साहेबांनी काचेतून प्रवेशदाराकडे बघितलं. "खरं लिहिलंत तर तुमचं नाव त्या चौकटीतून काढावं लागेल. आणि एकदा उतरवलं की परत चढवायला मला तोंड राहणार नाही. तुमच्याकडे पदवी नाही. त्या वेळी मी सगळ्यांशी भांडून ते लावलं होतं."

मामांना हे ठाऊक होतं. त्या चौकटीसमोरून जाताना ते रोज पावलं थोडी हळू टाकत. मामीला लग्नाच्या वाढदिवसाला बाहेर न्यायचं म्हणून एकदा त्यांनी लॅबमध्येच आणून ती चौकट दाखवली होती. मामीनं ते अजून माफ केलं नव्हतं.

संध्याकाळी मामी मटार सोलत बसल्या होत्या. मामा समोर बसून सांगू लागले, आणि सवयीनं त्यांनी गोष्ट पँटीपासून सुरू केली. मामी इतक्या हसल्या की वाटीतले दाणे घरभर झाले. मग फाइलीवर आले, तेव्हा त्या हसायच्या थांबल्या.

"अकरा वर्षं वाचलं नाहीत? आणि माझ्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर मला रोज वाचून दाखवता!"

"ते तुझं असतं म्हणून."

"वा! म्हणजे शहाणपण शेजाऱ्याला, आपण कोरडे." त्यांनी एक शेंग फोडली. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुमची तर कंपनी जळली, पीळ वायरीत आला."

"साहेब म्हणतात, कनेक्टर लिहा."

"मग लिहा."

कुणीतरी 'लिहू नका' म्हणावं अशी मामांची इच्छा होती, म्हणजे निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात पडला असता. मामी तेवढ्या भोळ्या नव्हत्या.

"त्या तान्ह्या पोरांच्या काट्याला पास केलंत ना तुम्ही?" त्यांनी दाणे वेचता वेचता विचारलं. "दवाखान्यात तो एकटाच असतो का खोलीत?"

"नाही. शेजारी दुसरी यंत्रं असतात."

"कसली?"

कसली ते मामांना चांगलं ठाऊक होतं. काचेच्या पेटीत झोपलेलं वीतभर मूल, त्याच्या पायाला चिकटवलेली तार, आणि ठोके मोजणारा पडदा. शेजारी काटा. त्या पडद्यावरचा आकडा जरा थरथरला, तर नर्स कुणाकडे बघेल? मुलाकडे. काट्याकडे कुणी बघणार नाही. त्यावर तर सही आहे.

"आणि हे बघा," मामी उठता उठता म्हणाल्या, "खोटं पचवायला पोट लागतं. तुम्हाला साधं दूध पचत नाही."

सकाळी मामांनी फॉर्म भरला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: चाचणी करणाऱ्याने वायर गोल गुंडाळली. 'मूळ कारण' या रकान्यात लिहिलं: चाचणी करणाऱ्याचा आगाऊपणा. 'कसे आढळले' या रकान्यात लिहिलं: फुशारकी मारताना.

बाईंनी वाचलं. "हे असं लिहिता येत नाही, मामा."

"मग कसं?"

"'मांडणीच्या छायाचित्रांची तुलना करताना.' आणि आगाऊपणा खोडा. 'लिखित सूचनेचे पालन न होणे.'"

"तेच ते."

"हो," बाई म्हणाल्या, "पण त्याला फाइल करता येतं." आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "दर वर्षी सही घेणारी मीच होते. वाचलंत का, असं कधी विचारलं नाही. तेही खाली लिहिते." आणि त्यांनी खरंच लिहिलं. ज्यांना अकरा वर्षं आपल्यावर जळणारी बाई समजलो, त्या अशा निघाव्यात, याची मामांना भारी लाज वाटली.

गुरुवारी तपासनीस आले. चष्म्याला दोरी लावलेले, हळू बोलणारे. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. "किती वर्षं?"

"अकरा."

"आणि या काळात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"आलं असतं, साहेब," मामा म्हणाले. "पण गिऱ्हाईक खूश होतं. नापास झालेला भांडतो, चौकशी करतो. पास झालेला पेढे…" इथं त्यांना आपल्यापुढे चपला काढणारं गिऱ्हाईक आठवलं आणि ते थांबले. "पास झालेला पाया पडतो."

तपासनीसांनी चष्मा खाली सोडला. हसले असावेत, पण मुक्या खोलीसारखे, काही बाहेर आलं नाही. निकाल लेखी आला: लॅबची मान्यता कायम, संबंधित जुने रिपोर्ट पुन्हा तपासावेत, मामांचा सहीचा हक्क रद्द. पुन्हा हवा असल्यास दोन वर्षांनी नव्यानं अर्ज.

चौकटीतून नाव काढायला मामांनाच स्टूल घेऊन यावं लागलं. स्क्रू त्यांनी लावले होते, दुसऱ्या कुणाला ते हलेनात. साहेब आपल्या खोलीत पाठ करून बसले होते. मामांनी नाव काढलं, पट्टी खिशात घातली, काच पुसली. एकटं उरलेलं बाईंचं नाव चौकटीत जरा डावीकडे दिसत होतं, ते मधे घेतलं.

मग फोन. लांब वायरीची, मामांच्या हातची त्रेचाळीस यंत्रं निघाली. बाई म्हणाल्या, पत्रं पाठवू. मामा म्हणाले, पत्रं पाठवाच, पण आधी मी बोलतो. त्रेचाळीस वेळा त्यांनी तोच संवाद म्हटला: "नमस्कार, लॅबमधून मामा बोलतोय. तुमचं यंत्र मी पास केलं होतं, त्यात माझी चूक झालीय." दहाव्या फोनपर्यंत तो पाठ झाला. विसाव्यापर्यंत त्यात भाव येऊ लागले. विसाव्या फोननंतर मात्र मामांनी स्वतःला दटावलं: माफी मागतोयस, प्रयोग करत नाहीस.

काहींनी झापलं, काहींनी साहेबांना फोन द्यायला सांगितलं, एकानं विचारलं, "म्हणजे आता तरी चहावाल्यांकडून चाचण्या करून घेणं बंद होईल ना?" मामा म्हणाले, "होय." काटेवाल्याचा फोन त्यांनी शेवटी ठेवला होता.

त्यानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मामा," काटेवाला म्हणाला, "मी तुमच्यामुळं कारखाना चालू ठेवला होता."

"माहितेय."

"मी लोकांना तुमचं नाव सांगत फिरलो."

"तेही माहितेय. ते आता बंद करा."

फोन ठेवला गेला.

त्रेचाळिसातली अडतीस यंत्रं पुन्हा मोजल्यावरही रेघेखालीच निघाली. हातगुणाची त्यांना कधी गरजच नव्हती, हे ऐकून मामांना हायसंही वाटलं आणि थोडं वाईटही. पाच वर गेली. पाचांत काटा होता. दवाखान्यांतून तेवढे काटे कारखान्यात परत आले. कुठं काही विपरीत घडल्याची तक्रार नव्हती. मामांनी ती ओळ चार वेळा वाचली.

काटेवाला स्वतः काटा घेऊन आला. मामांशी बोलला नाही. मामांनी काटा मांडला, तळवा ठेवला नाही, वायर पुढे-मागे दुमडली. हातांना ते इतकं परकं होतं की जुडी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बाईंनी पुढे होऊन बांधली. पडद्यावर हिरवी वळवळ सरळ तांबड्या रेघेवर चढून बसली.

"हे आधीच्या दोन्ही लॅबनी सांगितलं होतं," काटेवाला पडद्याकडे बघत म्हणाला. "तेव्हाच ऐकलं असतं तर तेव्हाच सुधारलं असतं."

मामांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि विचारलं, "उघडू?"

चार दिवस दोघं एका टेबलाशी बसले. पहिल्या दिवशी कामापुरतं बोलले. दुसऱ्या दिवशी काटेवाल्यानं आपला डबा मामांकडे सरकवला, न बघता, जणू चुकून. तिसऱ्या दिवशी सापडलं: आकडे दाखवणाऱ्या पट्टीची वायर आत थेट वीजपुरवठ्याच्या अंगावरून गेली होती आणि तिथला गोंगाट उचलून बाहेर आणत होती. ती बाजूनं वळवली, वायर जिथं पेटीतून बाहेर पडते तिथं गोंगाट शोषून घेणारा फेराइटचा मणी घातला. चौथ्या दिवशी बाईंनी जुडी बांधली, दार लावलं. हिरवी वळवळ रेघेच्या खाली राहिली, चांगली पाच डेसिबलनं. बाईंनी पुन्हा मोजलं. खालीच.

रिपोर्ट छापून आला. काटेवाल्यानं पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं, उलटून मागे बघितलं.

"तुमची सही?"

"काढून घेतलीय. बाईंची आहे, तीच चालते. तीच चालायला हवी."

"मग इथं मागे करा. कोऱ्या बाजूला. माझ्यापुरती."

मामांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. गेलाच. एवढ्या वर्षांची खोड, शिवाय कुणीतरी मागतंय. पेन अर्धं बाहेर आलं, तेव्हा त्यांनी समोरच्या टेबलावरून बाईंना आपल्याकडे बघताना बघितलं आणि त्याच पेनानं कान खाजवल्यासारखं केलं.

"नको," ते म्हणाले. "मागच्या सहीचं पुढे काय होतं ते बघितलंत ना."

काटेवाल्यानं रिपोर्ट पिशवीत घातला, काटा उचलला. दारापर्यंत गेला, थांबला. "नवा काटा काढतोय. जुळ्यांसाठी, दोन पाळण्यांचा. पुढच्या महिन्यात आणीन. मांडायला तुम्हीच असाल ना?"

"असेन," मामा म्हणाले. "पण आधीच सांगतो, हातगुण गेला बरं का."

"म्हणून तर विचारतोय," काटेवाला म्हणाला, आणि पाठीनं दार ढकलून बाहेर पडला.